नळीला लावलेले सात चिमटे

पाणी वाया गेलेलं मला बघवत नाही. हा गुण आहे असं मी म्हणते, हा आजार आहे असं नवरा म्हणतो. छत्रपती संभाजीनगरात राहून हा आजार ज्याला नाही, त्याच्याकडे एक तर स्वतःची बोअर असणार, नाही तर त्याचं पाणी भरणारं माणूस वेगळं असणार. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं त्या दिवशी कुणी आजारी पडत नाही, कुणी गावाला जात नाही. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, हा आमचा घरचा कायदा. पाहुण्याने अर्धा ग्लास पाणी तसंच ठेवलं, तर मी तो ग्लास उचलून कुंडीत ओतून येते आणि येताना पाहुण्याकडे जरा रागानेच बघते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्या याच हट्टापायी झालं.

आबा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. पंप, पाइप, व्हॉल्व्ह यांत त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर ते कन्नडजवळच्या आमच्या गावी जाऊन राहिले. आई आधीच गेली होती. फेब्रुवारीत त्यांना उजव्या अंगाचा लकवा झाला आणि मी त्यांना माझ्या घरी घेऊन आले. वाचा लवकर परतली. पायही वॉकरच्या आधाराने चार पावलं टाकण्याइतका परतला. उजवा हात मात्र परतला नाही. मांडीवर ठेवला की तिथेच, उशीवर ठेवला की तिथेच.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे पहिले काही महिने महत्त्वाचे आहेत. हाताला काम मिळालं नाही तर तो शिकायचंच सोडून देतो." मग त्यांनी एका स्टीलच्या वाटीत कपड्यांना लावायचे प्लास्टिकचे चिमटे दिले. सकाळ-संध्याकाळ उजव्या हाताने एकेक चिमटा दाबून वाटीच्या काठाला लावायचा. आबांनी दोन दिवस केलं. चिमटे घसरून पडत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली.

"तीस वर्सं पंप खोलले मी. आता कापडं वाळू घालायला शिकवता का मला?"

त्यानंतर वाटीला हात नाही. ती त्यांच्या उशाशी स्टुलावर तशीच पडून राहिली. त्यांची कापडी पिशवी मात्र त्यांनी कधी पूर्ण रिकामी केली नाही. दोन धोतरं आणि एक टॉवेल भरून ती कायम खुंटीला लटकत असायची. दर आठ दिवसांनी एकच वाक्य यायचं: "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं? मला जीपमधी बसवून दे, तिकडं तुझा काका हाय." काका आहेत, पण ते दिवसभर शेतात असतात. तिथे व्यायामाला कोण येणार? आबा गावी गेले की तो हात कायमचा गेला, हे मला लख्ख दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मला खरी भीती त्याची होती.

आमचं घर रो हाउस आहे. पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, वर गच्ची. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या. बाथरूम जवळ म्हणून आबांना मधल्या खोलीत ठेवलं होतं. तिथे ना खिडकी ना वारा. मे महिना कूलरवर निघाला. जूनमध्ये आभाळ भरून यायचं, पडायचं काहीच नाही आणि नुसती चिकचिक. अशा दमट हवेत कूलर म्हणजे अंगावर ओला पंचा टाकल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, यांना उकाड्यापासून जपा. म्हणून आम्ही एसी घेतला. यंत्राचा बाहेरचा भाग गच्चीवर, आतला आबांच्या खोलीत.

एसी गार हवा देतो तसं पाणीही टाकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते पाणी बाहेर जायला पाइपला उतार लागतो आणि मधल्या खोलीतून उतार द्यायचा कुठे? तेव्हा पाइपाखाली बादली ठेवली. मला तर आनंदच झाला. फुकटचं पाणी! मी सकाळी बादली रिकामी करून शाळेत जायचे. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दुपारी परत आल्यावर पुन्हा रिकामी करायचे.

एक दिवस आले तर एसी बंद आणि आबा घामाने निथळत बसलेले. बनियन अंगाला चिकटलेलं. रिमोट डाव्या हातात.

"आबा, बंद का केला?"

"बादली भरत आल्ती."

"भरू द्या ना! सांडलं तर सांडलं!" हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, यावर आमच्या घरात कुणी विश्वास ठेवला नसता.

"तू साळंत, जावई ड्यूटीवर. उपसनार कोन? मी?" असं म्हणून त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. रोजच बंद करत होते म्हणे. मी यायच्या जरा आधी पुन्हा लावायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग तोंड धुतलं, आणि ते पाणीही कुंडीला टाकलं. सवय कुठे जाते.

एसी बसवणाऱ्या मिस्त्रींना फोन केला. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "मॅडम, उसका इलाज है. छोटा पंप आता है. पानी नीचे नै जाता ना, तो ऊपर फेकेंगे." दुसऱ्या दिवशी ते पंप घेऊन आले. डब्याएवढी प्लास्टिकची टाकी, आत तरंगणारा गोळा. एसीचं पाणी त्या टाकीत पडणार, गोळा वर आला की पंप सुरू होणार आणि पारदर्शक नळीतून पाणी थेट गच्चीवर जाणार. पाणी संपलं की पंप आपोआप बंद. पाणी उलटं येऊ नये म्हणून टाकीजवळ, नळीच्या खालच्या तोंडाशी एक झडप. टाकी त्यांनी आबांच्या पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीलगत गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवली.

स्लॅबला भोक पाडायला ड्रिल लावलं तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आवाज ऐकून हळूहळू वळले. खोलीभर सिमेंटची भुकटी उडत होती. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "वर किती फूट उचलनार ह्यो?"

"पंधरा फूट आराम से, चचा."

"मोटर लई बारकी हाय."

"काम भी बारीक है ना."

आबा किंचित हसले. कित्येक आठवड्यांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी लगेच चहा टाकला. साखर जरा जास्तच पडली.

गच्चीवर आमचा निळा ड्रम आहे. नळाला पाणी आलं की मोटर लावून तो भरून ठेवायचा, मग धुण्याभांड्याला, कुंड्यांना तेच पाणी. मी मिस्त्रींना म्हटलं, एसीचं पाणी ड्रममध्येच सोडा. त्यांनी नळीचं टोक ड्रमच्या काठाच्या वर तारेने बांधलं आणि बजावलं, "पाइप की मुंडी बाहर रखो मॅडम. पानी में डुबाओ नको."

मी मान डोलावली. ते गेल्यावर संध्याकाळी पाहते तर वाऱ्याने नळी हलतेय आणि दर खेपेला चार थेंब ड्रमच्या बाहेर पडताहेत. चार थेंब! माझ्याने राहवेना. मी तार सोडली आणि नळी सरळ ड्रमच्या तळापर्यंत खुपसली. वर झाकण लावलं. आता एक थेंब बाहेर जाईल तर शपथ.

दोन दिवसांनी आबा म्हणाले, "ह्याचा आवाज बरोबर नाय. चालतंय, बंद पडतंय, लगेच परत चालतंय. एवढं पानी एसी टाकत नसतो."

मी वह्या तपासत होते. "नवीन आहे आबा. रुळेल."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा म्हणाले, "वरून पानी मागं येतंय बघ."

"अहो, झडप आहे तिला. मागे कसं येईल?"

 रात्री जेवताना आबा म्हणाले, रविवारी मला कन्नडच्या गाडीत बसवून दे. मी म्हटलं, बघू. मनातून इतका संताप आला की पोळी तव्यावर करपली. आपण इतकं सगळं करतोय आणि ह्यांचं आपलं गाव, गाव, गाव. तीस वर्षं पंप खोललेला माणूस पंपाबद्दल काहीतरी सांगतोय, तर उठून बघावं, हे मला सुचलं नाही. आजाऱ्याचं बोलणं आपण ऐकतो, पण त्याच्यात तथ्य असेल असं धरत नाही. मी तेच केलं.

शुक्रवारी पहाटे नळाला पाणी आलं. मी ड्रम काठोकाठ भरला. नवरा पहिल्या पाळीला गेला, मी शाळेत गेले. दुपारी साडेबाराला वीज गेली. शाळेतले पंखे थांबले तेव्हा मनात आलं, घरी एसीही थांबला असेल. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा चालतो, म्हणून फार काळजी केली नाही.

दोनच्या सुमाराला घरी आले. कुलूप उघडलं आणि मधल्या खोलीच्या दारात पाय टाकला तर पायाखाली पाणी. पलंग रिकामा. 

"आबा!"

"हितं हाय. वरडू नको. हळू ये, घसरशील."

पलंगाच्या पायथ्याशी, ओल्या फरशीवर, भिंतीला टेकून आबा बसले होते. वॉकर बाजूला आडवा पडलेला. पंपाचा प्लग भिंतीतून काढून पलंगावर ठेवलेला. आणि पंपाच्या टाकीतून वर जाणारी ती पारदर्शक नळी मधोमध दुमडलेली, आणि त्या दुमडीवर ओळीने सात चिमटे. लाल, निळे, पिवळे, हिरवे. वाटी त्यांच्या मांडीशी होती.

मी खाली बसले. लागलं का, पडलात का, किती वेळ बसलात, असं सगळं एका दमात विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं,

"नळी पान्यात बुडवलीस का वर?"

"हो."

"कुनी सांगितलं व्हतं?"

"कुणी नाही. मीच."

"मास्तरीणबाई," आबा म्हणाले, "पोरांना काय शिकवता तुमी साळंत?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वक्रनलिका! दरवर्षी मी फळ्यावर आकृती काढते. वरच्या भांड्यात पाणी, नळीचं एक टोक त्यात बुडालेलं, दुसरं टोक खाली. पाणी आपोआप वरून खाली येत राहतं. झडपेत कचरा अडकला होता हे मागाहून कळलं; त्यामुळे ती पूर्ण मिटत नव्हती. वीज होती तोवर आलेलं पाणी पंप परत वर फेकत होता. वीज गेली आणि पहाटे जिवापाड भरलेला माझा ड्रम नळीवाटे खोलीत उतरू लागला. एक थेंब वाया जाऊ नये म्हणून मी नळी तळापर्यंत घातली होती.

"दोन डाव सांगितलं तुला," आबांचा आवाज चढला. "आवाज बरोबर नाय, आवाज बरोबर नाय! बघितलं का वर जाऊन? ट्रेनिंगचं पोरगं असतं तर हाकलून दिलं असतं मी! आन् लाइट आली असती, त्या बोर्डात पानी गेलं असतं, मंग?"

ते मला झाडत होते. चार महिने हा माणूस 'बरं', 'नको', 'राहू दे' एवढंच बोलत होता, आणि आता त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो मला घालूनपाडून बोलत होता. खरं सांगते, बोलणी खाताना इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. हसू दाबायला ओठ चावले.

त्यांचा भर ओसरला तेव्हा मी चिमट्यांकडे पाहिलं. नळी एका हाताने दुमडता येते, पण दुमडून धरायची आणि वर चिमटाही लावायचा, हे एका हाताचं काम नाही.

"आबा, चिमटे कुठल्या हातानं लावले?"

त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं. जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे आणि आत्ताच खोलीत आलाय.

"लावले डाव्यानंच," ते हळूच म्हणाले. "धरून ठिवली ह्यानं. निसटत व्हती. दोन-तीनदा निसटली. मंग ऱ्हायली."

मी तो हात हातात घेतला. तर्जनी आणि अंगठ्यावर नळीचा वळ उठला होता. मी त्या वळावरून बोट फिरवत बसले. आबांनी हात सोडवून घेतला नाही. "रडू नको," ते म्हणाले, "पानी काय कमी झालंय का हितं?"

मग त्यांनी मला कामाला लावलं. आधी त्यांना उठवून कोरडे कपडे घातले, खुर्चीवर बसवलं. पहिला हुकूम: गच्चीवर जा, नळी पाण्याबाहेर काढ, काठाच्या वर वीतभर उंच बांध. दुसरा: झडप खोल. तिच्यात ड्रिलच्या वेळची सिमेंटची भुकटी निघाली, चिमूटभर. "स्लॅबाला भोक पाडताना नळीचं तोंड बांधायचं असतं," आबा म्हणाले, "आमच्या टायमाला चिंधी कोंबायचो." झडप धुतली. बशीतल्या पाण्यात उलटी धरून तोंडाने फुंकून पाहिली, पहिल्यांदा मी, मग माझ्यावर विश्वास नाही म्हणून त्यांनी. फरशीवरचं पाणी मी फडक्याने टिपून बादलीत पिळलं. आबा बघत होते. "तू काय सुधरायची नाय," ते म्हणाले.

शेवटी नळी टाकीच्या तोंडाशी घट्ट धरून ठेवणारी पट्टी आवळायची राहिली. पट्टीला बारकासा स्क्रू होता. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. उजवा. मी मूठ धरवून दिली. त्यांनी कपाळाला आठ्या घालून अर्धा फेरा फिरवला, हात घसरला. पुन्हा अर्धा फेरा. मग हात मांडीवर पडला. "झालं," ते म्हणाले.

झालं नव्हतं. पट्टी सैल होती हे मलाही कळत होतं. वीज आल्यावर पंप सुरू केला तेव्हा दर खेपेला त्या जोडातून एक थेंब खाली पडत होता. एरवी मी तो थेंब पडूच दिला नसता. त्या दिवशी मी वाटीतले चिमटे स्टुलावर काढून ठेवले आणि रिकामी वाटी त्या थेंबाखाली ठेवली. नवरा संध्याकाळी आला, वाटी पाहून माझ्याकडे पाहिलं. "पट्टी आवळू का?" मी म्हटलं, हात लावशील तर बघ.

रविवार आला. आबा गाडीचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मग सोमवारी त्यांनी काकांना फोन लावायला सांगितला. मी धास्तावून लावून दिला. "माझी हत्याराची पिशवी पाठीव," ते फोनवर म्हणत होते, "येष्टीच्या कंडक्टरजवळ दे. हितं कुनाच्या घरात धड पाना नाय." पिशवी आली, ती त्याच खुंटीला लागली. धोतरं आणि टॉवेल मी कपाटात ठेवले. त्यांनी ते पाहिलं आणि पेपर वाचत राहिले.

चिमट्यांना आता वाटी नव्हती, म्हणून आबा ते स्टुलाच्या काठाला लावायचे. संध्याकाळी कधी तीन लागलेले दिसायचे, कधी पाच. खाली पडलेले मी उचलून ठेवायचे, मोजायचे नाही असं ठरवून मोजायचे. व्यायामाच्या बाईंनी विचारलं, आता कसे करायला लागले? मी म्हटलं, आमच्याकडे पाणी शिरलं होतं.

थेंब चालूच होता. रोज सकाळी शाळेत जाताना मी ती वाटी कढीपत्त्याला ओतायचे. जुलै गेला, पाऊस झाला, ऑगस्टही अर्धा सरला. हळूहळू वाटी बघायचं मला भानही राहिलं नाही, नुसती उचलायची आणि ओतायची.

एका सकाळी नेहमीसारखी वाटी उचलून कुंडीशी गेले, उपडी केली, तर काहीच पडलं नाही. आत बोट फिरवलं. कोरडी. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की पंप बिघडला. धावत आत आले. पंप आपला सुरू होता, नळीतून पाणी सरसर वर चढत होतं. मी खाली बसून त्या जोडाला हात लावला. पट्टी घट्ट होती. स्क्रूच्या खाचेत नवी चकाकी होती.

आबा पलंगावर पेपर वाचत होते. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या उशाशी होता, उजव्या बाजूला.

"आबा," मी म्हटलं, "थेंब बंद झाला."

त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

"व्हय," ते म्हणाले. "लई दिस सैल ठिवली व्हती तू."